लंडन परिवहन सेवेतील कामगारभरती

लंडन परिवहन सेवेतील कामगारभरती : शहरातील सार्वजनिक वाहतुकीसाठी चालक, वाहक व स्थानक-कर्मचारी मिळविणे, त्यांना प्रशिक्षण देणे आणि सेवेत टिकवून ठेवणे, हा परिवहन व्यवस्थापनातील एक जुना व कठीण प्रश्न आहे. लंडन शहरातील बससेवेचा इतिहास सु. दोनशे वर्षांचा असल्याने या प्रश्नाची निरनिराळी रूपे तेथे क्रमाने पाहावयास मिळतात. कामगारांचा तुटवडा पडला, की आजवर वगळलेल्या एखाद्या नव्या वर्गाला सेवेची दारे उघडावयाची, हा मार्ग तेथे वारंवार अनुसरण्यात आला. पहिल्या महायुद्धात स्त्रिया आल्या, दुसऱ्या महायुद्धात त्या पुन्हा आल्या आणि त्यानंतर वेस्ट इंडीजमधील तरुण आले. मात्र भरतीचे दार उघडले तरी लोक सेवेत टिकतातच असे नाही. वेतन, कामाचे तास व सेवेतील मान या तीन गोष्टींवर त्यांचे टिकणे अवलंबून राहिले, असे या इतिहासावरून दिसून येते.

प्रश्नाचे स्वरूप : बसवाहतुकीत प्रवाशांची गर्दी दिवसभर सारखी नसते. सकाळी कामावर जाणाऱ्यांची व सायंकाळी घरी परतणाऱ्यांची अशा तिच्या दोन लाटा असतात व मधल्या वेळात बऱ्याच गाड्या आगारात उभ्या राहतात. त्यामुळे अनेक कर्मचाऱ्यांना दोन तुकड्यांत विभागलेली पाळी करावी लागते. सकाळी काही तास काम, मग मोकळा काळ व सायंकाळी पुन्हा काम असे तिचे स्वरूप असते. प्रत्यक्ष काम आठ तासांचे असले, तरी त्यासाठी कामगाराचा बहुतेक सारा दिवस खर्ची पडतो. पहाटेची पहिली गाडी सुटण्यापूर्वी त्याला आगारात पोहोचावे लागते आणि त्या वेळी त्याच्यासाठी मात्र गाडी नसते. इतरांच्या सुटीच्या दिवशीही वाहतूक चालू ठेवावी लागत असल्याने रविवार व सणवार त्याच्या वाट्याला क्वचितच येतात. शहरात दुसरे काम दुर्मिळ असते, तेव्हा या अडचणी सोसून लोक या नोकरीसाठी रांगा लावतात. कारखान्यांतून व कचेऱ्यांतून नियमित वेळेची कामे मिळू लागली, की हेच लोक बससेवा सोडून जातात. म्हणून ‘कामगारांचा तुटवडा’ याचा अर्थ शहरात माणसे नाहीत असा होत नाही. देऊ केलेल्या अटींवर काम करण्यास तयार असलेली माणसे पुरेशी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो.

घोड्यांच्या बसगाड्यांचा काळ : जॉर्ज शिलिबिअर याने ४ जुलै १८२९ रोजी पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर लंडनमधील पहिली ऑम्निबस सेवा सुरू केली. पुढे १८५५ मध्ये स्थापन झालेल्या ‘लंडन जनरल ऑम्निबस कंपनी’ने अनेक लहान मालकांच्या गाड्या विकत घेतल्या व ती शहरातील सर्वांत मोठी बस कंपनी बनली. या काळात गाडीवान व वाहक यांचे काम दिवसाला चौदा ते सोळा तास चाले. एका गाडीसाठी दिवसभरात सु. अकरा घोडे लागत. घोड्यांच्या जोड्या काही तासांनी बदलल्या जात, पण गाडीवान व वाहक तेच राहत. जनावराला विश्रांती दिली नाही, तर ते निकामी होऊन मालकाचे नुकसान होई. दमलेल्या माणसाच्या जागी मात्र दुसरा माणूस विनासायास मिळे. या विषमतेची चर्चा त्या काळीही होत असे.

वाहकांचे ठरलेले वेतन अपुरे होते. प्रवाशांना तिकीट देण्याची पद्धत नसल्याने जमा झालेल्या भाड्यातील काही रक्कम वाहक स्वतःकडे ठेवी व तीतून गाडीवानालाही वाटा देई. कंपनीला हे ठाऊक होते. वेतन कमी ठेवण्यास ही चाल एक प्रकारे साहाय्यभूतच होत होती. १८९१ मध्ये कंपनीने तिकिटांची पद्धत सुरू केली, तेव्हा ही वरकमाई बंद झाली आणि वेतनाचा खरा प्रश्न उघड्यावर आला. त्या वर्षी जून महिन्यात लंडनमधील बसकामगारांनी सु. आठवडाभर संप केला. योग्य वेतन व बारा तासांचा दिवस या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. बारा तासांच्या दिवसासाठी संप करावा लागावा, यावरून पूर्वीच्या परिस्थितीची कल्पना येते.

पहिले महायुद्ध व स्त्री वाहक : १९१० मध्ये ‘बी’ प्रकारच्या मोटारबसचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये जनरल कंपनीने आपली घोड्यांची शेवटची गाडी बंद केली. घोडे हाकणाऱ्या अनेकांना आता मोटार चालविण्याचे शिक्षण घ्यावे लागले. हे स्थित्यंतर पुरे होते न होते, तोच १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. शेकडो बसगाड्या सैन्याच्या वाहतुकीसाठी फ्रान्सला गेल्या व त्यांबरोबर चालकही गेले. उरलेल्या तरुणांपैकी बरेच जण सैन्यात भरती झाले.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्त्रियांना सेवेत घेण्यात आले. ६ जून १९१५ रोजी उघडलेल्या मेडा व्हेल या भुयारी रेल्वेस्थानकावरील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. १ नोव्हेंबर १९१५ पासून टॉमस टिलिंग कंपनीच्या बसगाड्यांवर स्त्री वाहक दिसू लागल्या आणि १९१६ च्या प्रारंभी जनरल कंपनीनेही त्यांची भरती सुरू केली. स्त्रियांना हे काम झेपणार नाही, अशी पूर्वी सार्वत्रिक समजूत होती. ती थोड्याच महिन्यांत खोटी ठरली. मात्र बस चालविण्याचे काम त्यांना देण्यात आले नाही.

ऑगस्ट १९१८ मध्ये पुरुष कामगारांना आठवड्याला पाच शिलिंग युद्धभत्ता मंजूर झाला व स्त्रियांना तो नाकारण्यात आला. तेव्हा १७ ऑगस्ट रोजी विल्सडेन येथील आगारातील स्त्रियांनी काम थांबविले. संप लंडनच्या इतर भागांत व काही अन्य शहरांतही पसरला. पुरुष सहकाऱ्यांपैकी अनेकांनी त्यास पाठिंबा दिला. समान कामाला समान वेतन न मिळाल्यास उद्या युद्धावरून परतणाऱ्यांचे वेतनही खाली येईल, हे त्यांनी ओळखले होते. युद्धभत्त्याची मागणी मान्य झाली आणि उद्योगधंद्यांतील स्त्रियांच्या वेतनाच्या चौकशीसाठी सरकारला समिती नेमावी लागली. युद्ध संपताच मात्र परतलेल्या सैनिकांना जागा देण्यासाठी स्त्री वाहकांना सेवेतून कमी करण्यात आले. तुटवड्याच्या काळात उघडलेले दार तुटवडा संपताच बंद झाले.

दोन महायुद्धांमधील काळ : १९१९ मध्ये आठ तासांचा दिवस मान्य झाला. १ जानेवारी १९२२ रोजी अर्नेस्ट बेव्हिन याच्या पुढाकाराने अनेक संघटनांच्या एकीकरणातून ‘ट्रान्स्पोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन’ स्थापन झाली. लंडनचे बसकामगार हा तिचा एक प्रबळ घटक होता. या काळात बेकारी मोठी असल्याने बसवरील नोकरीला प्रतिष्ठा लाभली. नियमित वेतन, गणवेश व प्रवासाची सवलत यांमुळे एकदा सेवेत शिरलेला मनुष्य सहसा बाहेर पडत नसे. १ जुलै १९३३ रोजी ‘लंडन पॅसेंजर ट्रान्स्पोर्ट बोर्ड’ हे सार्वजनिक मंडळ अस्तित्वात आले व बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे यांचा कारभार एकत्र झाला. लॉर्ड ॲशफील्ड हे मंडळाचे अध्यक्ष व फ्रँक पिक हे त्याचे प्रमुख कार्यकारी अधिकारी होते. चिझिक येथील प्रशिक्षण केंद्रात नव्या चालकांना निसरड्या फरशीवर घसरणारी बस सावरण्याचे शिक्षण दिले जाई व ते विशेष प्रसिद्ध होते.

सुरक्षित नोकरीची ही दुसरी बाजूही होती. बसगाड्या मोठ्या झाल्या, त्यांचा वेग वाढला आणि वेळापत्रके अधिकाधिक आवळली गेली. भोजनाच्या अनियमित वेळा व कामाचा ताण यांमुळे पोटाचे विकार जडतात, अशी कामगारांची तक्रार होती. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या परिवहन कामगारांतील आजारांची, विशेषतः पचनाच्या तक्रारींची, पाहणी केली व तिचा अहवाल १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १ मेपासून साडेसात तासांच्या दिवसासाठी लंडनमधील सर्व बसगाड्या सु. चार आठवडे बंद राहिल्या. सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक १२ मे रोजी याच संपाच्या काळात पार पडला. संपाला यश आले नाही. तथापि केवळ वेतन पुरेसे नसून कामाचा वेग व शरीरावरील ताण हेही नोकरीच्या अटींत मोडतात, हा विचार त्यामुळे पुढे आला. पुढे १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन याच कामगारांवर आधारलेले होते. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे त्यांना आढळले. व्यायाम व हृदयाचे आरोग्य यांच्या संबंधाविषयीचे हे एक पायाभूत संशोधन मानले जाते.

युद्धोत्तर तुटवडा : दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून स्त्रिया पुन्हा वाहक म्हणून सेवेत आल्या. या वेळी युद्ध संपल्यावरही त्यांची गरज संपली नाही. पुनर्रचनेच्या काळात ब्रिटनमध्ये जवळजवळ पूर्ण रोजगार होता आणि लंडनच्या पश्चिम व उत्तर भागांतील नव्या कारखान्यांतून पाच दिवसांचा आठवडा व अधिक वेतन मिळू लागले होते. १ जानेवारी १९४८ रोजी राष्ट्रीयीकरण होऊन ‘लंडन ट्रान्स्पोर्ट एक्झिक्युटिव्ह’कडे कारभार आला. तथापि भाडेवाढीवरील निर्बंध व घटती प्रवासीसंख्या यांमुळे वेतन वाढविण्यास संस्थेला मर्यादा पडत होत्या. चालक-वाहकांअभावी ठरलेल्या फेऱ्या रद्द होऊ लागल्या. फेऱ्या रद्द झाल्याने प्रवासी कंटाळून स्वतःची मोटारगाडी वापरू लागले. मोटारगाड्यांनी रस्ते अडल्याने बस आणखी उशिरा धावू लागली. प्रवाशांचा रोष मात्र समोर असलेल्या वाहकावर निघे, आणि तोही नोकरी सोडण्याचा विचार करू लागे. तुटवड्यातून तुटवडाच वाढावा, असे हे दुष्टचक्र होते.

वेस्ट इंडीजमधील भरती : ब्रिटनच्या इतर भागांतून व आयर्लंडमधून केलेली भरती अपुरी पडल्याने संस्थेने १९५६ मध्ये बार्बेडोस येथे थेट भरती सुरू केली. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यान्वये वसाहतींतील रहिवाशांना ब्रिटनमध्ये राहण्याचा व काम करण्याचा हक्क होता. बार्बेडोस हे उसाच्या शेतीवर अवलंबून असलेले दाट वस्तीचे लहान बेट. तेथील सरकारलाही बेकारीवर उपाय हवा होता. त्यामुळे प्रवासखर्चासाठी सरकार कर्ज देई व ते लंडनमधील वेतनातून फेडावयाचे असे. उमेदवारांची वैद्यकीय तपासणी व अंकगणितादी विषयांची चाचणी बेटावरच घेतली जाई. निवड झालेले स्त्री-पुरुष वाहक, स्थानक-कर्मचारी किंवा उपाहारगृहातील कामगार म्हणून लंडनला येत. त्यांत पूर्वी शिक्षक किंवा कारकून म्हणून काम केलेलेही काही होते. १९६६ मध्ये ही योजना जमेका व त्रिनिदाद येथेही लागू करण्यात आली. १९७० मध्ये ती थांबली, तोवर हजारो लोक तिच्याद्वारे लंडनला आले होते.

लंडनची वाहतूक चालू राहण्यास या कामगारांचे मोठे साहाय्य झाले. त्यांचे स्वागत मात्र सर्वत्र सारखे झाले नाही. कृष्णवर्णीयांना खोली मिळणार नाही, अशा पाट्या घरांवर झळकत असल्याने निवाऱ्याचा प्रश्न बिकट होता. कामावर त्यांना वाहकाची जागा सहज मिळे, परंतु तपासनीस वा पर्यवेक्षक होण्याच्या मार्गात अडथळे येत. थंडीची सवय नसलेल्या या तरुणांनी पहाटेच्या पाळ्या केल्या, कर्ज फेडले आणि गावी पैसेही पाठविले. थोड्या वर्षांनी परतावयाचे असे ठरवून आलेल्यांपैकी बहुसंख्य लंडनमध्येच स्थायिक झाले. त्यांच्या पिढीतील अनेकांना आपल्या वास्तव्याच्या हक्काची कागदपत्रे दाखविता न आल्याने छळ सोसावा लागल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले व ब्रिटिश सरकारला माफी मागावी लागली.

वर्णभेदाचा प्रश्न : इंग्लंडच्या इतर शहरांतील घटनांशी तुलना केली असता लंडनच्या भरतीचे वेगळेपण स्पष्ट होते. वेस्ट ब्रॉमिच येथे १९५५ मध्ये एका भारतीय वाहकाच्या नेमणुकीविरुद्ध बसकामगारांनी शनिवारचे संप केले. ब्रिस्टल येथील बस कंपनीच्या कर्मशाळेत कृष्णवर्णीय कामगार होते. चालक वा वाहक म्हणून मात्र त्यांना घेतले जात नव्हते व संघटनेच्या स्थानिक शाखेचाही त्यास विरोध होता. पॉल स्टीव्हन्सन व इतर कार्यकर्त्यांनी ३० एप्रिल १९६३ रोजी तेथे बसबहिष्काराची हाक दिली. कंपनीने २८ ऑगस्ट रोजी वर्णबंदी उठविली आणि सप्टेंबरमध्ये पहिला बिगर-गौरवर्णीय वाहक म्हणून एका शीख तरुणाची नेमणूक झाली. वुल्व्हरहॅम्प्टन येथे १९६७ मध्ये तरसेम सिंग संधू या बसचालकाला दाढी व पगडीमुळे कामावर येण्यास मनाई करण्यात आली. शीख समाजाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले व एप्रिल १९६९ मध्ये ही मनाई मागे घेण्यात आली.

या विरोधामागे केवळ वर्णद्वेष होता असे नव्हे. मूळ वेतन कमी असल्याने अनेक कामगारांची मिळकत जादा कामावर अवलंबून होती. नवे कामगार आल्यास जादा काम बंद होईल व तुटवड्यामुळे वेतनवाढीसाठी मिळालेला दबावही नाहीसा होईल, अशी भीती त्यांना वाटे. या भीतीचे मूळ कमी वेतनात होते. तिचा रोख मात्र नवागतांकडे वळला. १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने नोकरीतील वर्णभेद बेकायदेशीर ठरविला.

वेतनाचा प्रश्न व एकचालक पद्धती : बाहेरून आलेल्या भरतीने वेतनाचा मूळ प्रश्न सुटला नाही. ५ मे ते २० जून १९५८ या काळात फ्रँक कझिन्स यांच्या नेतृत्वाखाली लंडनमधील बसकामगारांनी सात आठवडे संप केला. कामगारांच्या पदरी थोडेच पडले आणि संपकाळात दुरावलेले काही प्रवासी कायमचेच दुरावले. पुढे हेन्री फेल्प्स ब्राउन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बसकामगारांचे वेतन व कामाची परिस्थिती यांची चौकशी केली (१९६३-६४). लंडनमधील तुलनीय नोकऱ्यांच्या मानाने बसकामगारांचे वेतन मागे पडले असल्याचे नमूद करून समितीने त्यात वाढ करण्याची शिफारस केली. तुटवड्याचे कारण कामगारांच्या मनोवृत्तीत न शोधता नोकरीच्या अटींत शोधावे, ही या चौकशीची दिशा महत्त्वाची होती.

याच सुमारास दुसरा मार्गही पुढे आला. तो म्हणजे माणसांची गरजच कमी करणे. १८ एप्रिल १९६६ रोजी व्हिक्टोरिया ते मार्बल आर्च या मार्गावर एकाच दराचे भाडे असलेली ‘रेड ॲरो’ सेवा सुरू झाली. तीत वाहक नव्हता. त्याच वर्षी जाहीर झालेल्या पुनर्रचना योजनेत वाहकाविना धावणाऱ्या बसगाड्यांना मुख्य स्थान देण्यात आले. चालकाला अधिक वेतन मिळाले. पण गाडी चालविणे, भाडे घेणे व प्रवाशांना उत्तरे देणे ही सारी कामे त्याच्यावर पडली. वाहकाची जागा क्रमाक्रमाने नष्ट होत गेली. मागील बाजूने चढावयाच्या ‘रूटमास्टर’ बसगाड्या ९ डिसेंबर २००५ रोजी नियमित सेवेतून गेल्या, तेव्हा लंडनमधील पारंपरिक वाहकाचा काळ संपला. स्त्रिया व वेस्ट इंडियन यांना प्रामुख्याने वाहकाच्याच जागा मिळाल्या असल्याने या बदलाचा परिणाम त्यांच्यावर विशेष झाला. स्त्रियांना चालकाची जागा मिळण्यास १९७४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जिल व्हाइनर या ‘लंडन ट्रान्स्पोर्ट’च्या पहिल्या स्त्री बसचालक बनल्या. पहिल्या स्त्री वाहकानंतर या घटनेस जवळजवळ साठ वर्षे लागली.

खाजगीकरणानंतर : १९८५ पासून बसमार्ग निविदा मागवून चालविण्यास देण्याची पद्धत सुरू झाली व १९९४ च्या सुमारास बस कंपन्या खाजगी मालकीकडे गेल्या. निविदेत खर्च कमी दाखविण्याचा सोपा उपाय म्हणजे वेतन कमी ठेवणे. परिणामी एकाच रस्त्यावर, एकाच रंगाची बस चालविणाऱ्या दोन चालकांच्या वेतनात मोठी तफावत पडली. १३ जानेवारी २०१५ रोजी समान वेतनमानासाठी अनेक कंपन्यांतील चालकांनी एक दिवसाचा संप केला. २०२० मधील कोव्हिडच्या साथीत, शहर बंद असतानाही बससेवा चालू होती व अनेक चालक मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी ब्रिटनमध्ये मालमोटारींच्या चालकांचा तुटवडा पडताच अधिक वेतनाच्या आशेने काही बसचालक तिकडे वळले.

लंडनचा हा अनुभव पाहता भरती व टिकाव हे दोन वेगळे प्रश्न असल्याचे लक्षात येते. भरती जाहिरातीने, प्रवासखर्चाच्या कर्जाने किंवा युद्धकाळातील आवाहनाने साधता येते. टिकाव मात्र दैनंदिन अटींवर ठरतो. या सेवेत बाहेरून बोलावलेला प्रत्येक वर्ग काही काळाने आधीच्या कामगारांसारख्याच मागण्या करू लागला. १९१८ मधील स्त्रियांची पाच शिलिंगांची मागणी, शीख चालकाचा पगडीचा आग्रह आणि २०१५ मधील समान वेतनमानाची मागणी या त्या दृष्टीने एकाच परंपरेतील आहेत. तात्पुरती सोय म्हणून आणलेला कामगार स्वतःला तात्पुरता मानीत नाही. सेवेची घडी बसविताना ही गोष्ट जेथे गृहीत धरली गेली, तेथेच लोक टिकले.